साखरबाईचा डूख

जहाजावर सगळे तिला साखरबाई म्हणत. केक, बिस्किटं, पाव, गोडाधोडाचं सगळं खातं तिच्याकडे होतं म्हणून. "नाव गोड आहे, बाई नाही," असं ती नव्या माणसाला आधीच बजावायची आणि मग त्याच्या हातावर गरम बिस्किट ठेवायची.

प्रवाशांचं मोठं जहाज होतं ते. वरच्या मजल्यांवर गालिचे, झुंबरं, पोहायचा तलाव. आणि पार खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, तिची भट्टीची खोली. खिडकी नावाला नाही. ओट्याला चहूबाजूंनी लोखंडी कठडा, कारण समुद्र खवळला की साच्यांसकट केक जमिनीवर. भट्टीत हात घालून घालून तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे डाग पडले होते. घरी नवरा नव्हता. त्याने दुसरीकडे संसार थाटला होता. पोटची पोर चार वर्षांची. तिला धाकट्या बहिणीच्या हवाली करून ती जहाजावर चढली होती. बंदर आलं की सगळे बाजारात पळायचे, ही फोनकडे.

"आई, कधी येणार गं?"

"हे एवढं पाणी संपलं की आलेच."

जहाजावर तिच्या देशाचा, तिची भाषा बोलणारा एकच माणूस होता. वाढप्यांचा मुख्य. हातावर बशांची चळत घेऊन चालतानाही त्याची शीळ चालू असायची, म्हणून त्याला शिट्टी म्हणत. पहिल्या सफरीत समुद्र लागून ती आडवी पडली, तेव्हा ह्यानेच तिला लिंबूपाणी आणून पाजलं होतं. "ताई" म्हणायचा. तीही केकच्या कडेचा खरपूस तुकडा त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. भाऊ नव्हता तिला. तिने तो मानून घेतला, इतकंच.

करार संपून घरी परतायची वेळ आली. जहाज एका परक्या बंदराला लागलं. तिथून पुढे विमान. खलाशी, वाढपी, आचारी सगळे आपापल्या बॅगा ओढत सामानाच्या तपासणीकडे निघाले. शिट्टी तिच्याजवळ आला.

"ताई, माझी बॅग फुटायला आलीय. हा कोकोचा डबा तुझ्यात टाक ना. घरी पोचल्यावर घेईन. आणि तुझ्या सामानात तो शोभतोसुद्धा!"

ती हसली. डबा घेतला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि बॅगेत टाकला. तपासणीच्या टेबलापाशी कुत्रा तिच्या बॅगेसमोर बसला तो उठेचना. अधिकाऱ्याने डबा उघडला. वर कोको होता. खाली, प्लास्टिकमध्ये घट्ट आवळलेला गांजा.

तिने तोवर गांजा डोळ्यांनीही पाहिला नव्हता. हे काय आहे हे कळायलाच तिला वेळ लागला. कळलं तेव्हा ती गर्रकन वळली. शिट्टी रांगेत चार माणसं मागे उभा होता.

"त्याचा आहे डबा! विचारा त्याला! अरे, सांग ना रे!"

अधिकाऱ्याने शिट्टीला विचारलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी भिंतीवरची पाटी वाचतो.

"ह्या बाई केक करतात," तो म्हणाला. "त्यापलीकडे मी ह्यांना ओळखत नाही."

आणि रांग पुढे सरकली.

त्या देशात गांजाला माफी नव्हती. वकील सरकारी होता, त्याला तिचं नावही धड उच्चारता येत नव्हतं. डबा तिच्या बॅगेत, बोटांचे ठसे तिचे, आणि साक्षीदार कोण? तोच, जो विमानात बसून केव्हाच घरी पोचला होता. सात वर्षांची शिक्षा झाली. निकाल दुभाष्याने सांगितला तेव्हा तिला पहिल्यांदा सुचलं ते हे, की सात वर्षांनी लेकीला कुठल्या मापाचा फ्रॉक लागेल.

तुरुंगातही तिला स्वयंपाकघरच मिळालं. प्रचंड पातेली, ओली फरशी, आणि बटाटे सोलत बसलेल्या देशोदेशीच्या बाया. निम्म्याअधिक ह्याच पाल्यापायी आलेल्या. हळूहळू तिला तिथली भाषा येऊ लागली आणि गप्पांचा अर्थ लागू लागला.

"आमच्याकडे," एक केस कापणारी होती ती म्हणायची, "लोक संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून ओढतात. पोलीस जाता जाता हात करतो. मी माझ्या घरी ओढला, विमानाने इथे उतरले, आणि ह्यांनी लघवी तपासून मला आत टाकलं. खिशात काडीसुद्धा नव्हती माझ्या!"

"म्हणजे अंगात असला तरी गुन्हा?" साखरबाईने विचारलं.

"अंगात, रक्तात, कुठेही. कुठल्या देशात घेतला हे विचारतसुद्धा नाहीत."

दुसरी म्हणाली, आमच्या डोंगरात तो रानोमाळ उगवतो, गुरंसुद्धा खातात. तिसरीच्या गावात आयुष्यात कुणी पाहिला नव्हता. एक म्हातारी नर्स होती, भलत्याच पोरावर विश्वास ठेवून आत आलेली. ती म्हणायची, "अख्ख्या जगाचा हिशेब लावला तर पंचवीस माणसांमागे एखादा ओढतो म्हणतात. पण एखाद्या देशात चार-पाचांत एक, तर कुठे शंभरात एकसुद्धा नाही. आणि बायांनो, जिथे गळ्याला फास लागतो, तिथे 'हो, मी ओढतो' असं सांगायला येणार कोण? आकडा कमी म्हणजे माणसं कमी असं नाही. तोंडं कमी."

बाया हसायच्या. साखरबाई हसायची नाही. तिच्या मनात एकच हिशेब होता. बाकीच्या कायद्याला शिव्या घालायच्या. तिला ते पटायचं नाही. कायदा म्हणजे भिंत. भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीला काय त्याचं? शिट्टी मात्र माणूस होता. त्याला पोट होतं, घर होतं, झोप होती. डूख धरायचा तर त्याच्यावर.

तिने तो धरला. बटाटे सोलताना धरला, कपडे पिळताना धरला. पहिली काही वर्षं तो धुमसत होता. मग राखेखालच्या निखाऱ्यासारखा शांत झाला, आणि तेव्हाच तो खरा पक्का झाला. बहिणीचं पत्र यायचं, लेकीचा फोटो असायचा. फोटोत पोर वाढत होती. एका फोटोत तिचे पुढचे दात पडलेले, दुसऱ्यात नवे आलेले. साखरबाई मनात म्हणायची, हे दात तुझ्या नावावर, शिट्टी. ही वेणीसुद्धा. हा पहिला शाळेचा गणवेशसुद्धा.

सुटून घरी आली तेव्हा दार उघडलं ते अकरा वर्षांच्या मुलीने. तिने आत वळून हाक मारली, "आई, मावशी आलीय बघ."

बहीण हातात पळी तशीच घेऊन धावत आली आणि दारातच रडायला लागली. "अगं, ही आई तुझी! मी मावशी! किती वेळा सांगितलंय तुला?" पोर गोंधळली. तिने मान डोलावली, पण त्यानंतरही तिच्या तोंडून निघायचं ते तसंच. बिचारीचा दोष नव्हता. ताप आला तेव्हा उशाशी जी बसली ती आई. साखरबाईने बहिणीला सांगितलं, "राहू दे. जबरदस्तीने आई होता येत नाही." आणि न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, टॉवेल तोंडात कोंबून ती रडली.

दुसरा तडाखा तिला रस्त्यावर बसला. ती आत असताना तिच्याच देशात कायदा बदलला होता. औषधांच्या दुकानाला लागून गांजाचं दुकान! काचेच्या स्वच्छ बरण्या, मंद दिवे, रांगेत काठी टेकत उभे असलेले आजोबा, बाबागाडी ढकलणारं जोडपं, ऑफिसातून सुटलेली टायवाली माणसं. कुणाच्या चेहऱ्यावर भीती नाही. भाजी घ्यावी तशी खरेदी. ती पलीकडच्या पदपथावर उभी राहून बघत राहिली. सात वर्षं! ह्याच्यासाठी! तिला हसू आलं.

दार उघडून एक गिऱ्हाईक बाहेर आलं आणि त्याच्यामागून आतली शीळ बाहेर आली.

ती शीळ तिने हजारांत ओळखली असती. रस्ता ओलांडून ती सरळ आत गेली. गल्ल्यामागे शिट्टी उभा होता. अंगाने सुटलेला, भारी शर्ट, बोटात अंगठ्या. तिला पाहून त्याची शीळ मध्येच तुटली. तोंड पांढरंफटक पडलं. मग क्षणात तो काउंटरला वळसा घालून आला आणि तिचे दोन्ही हात धरले.

"ताई! ताई गं! मी घाबरलो तेव्हा. आई आजारी होती माझी, मी अडकलो असतो तर ती मेली असती. एक रात्र धड झोपलो नाही बघ तेव्हापासून."

साखरबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. झोप उडालेल्या माणसाच्या गालांवर एवढं मांस चढत नाही.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "काम आहे का काही? तुरुंगातून आलेल्या बाईला दारात कोण उभं करतंय?"

शिट्टीचा जीव भांड्यात पडला. "काम? अगं, मागे माझी स्वतःची भट्टी आहे! केक, बिस्किटं, चॉकलेटं, सगळ्यात थोडा थोडा माल. तुझ्यासारखा हात मला कुठे मिळणार?"

बहिणीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, त्या माणसाकडे? त्याच्याकडे?"

"त्याच्याकडेच."

भट्टी स्वच्छ होती, ओटे चकचकीत. गांजा मुरवलेलं लोणी वेगळ्या कपाटात कुलुपात; वजन करून घ्यायचं, हातमोजे घालायचे, प्रत्येक डब्यावर किती आहे त्याची चिठ्ठी लावायची. साखरबाई नेकीने काम करायची. गिऱ्हाईक वाढलं. तेव्हा शिट्टीच्या डोक्यात एक नवीन कल्पना आली. एका सकाळी ती आली तर दुकानाच्या काचेवर मोठं रंगीत पोस्टर. तिचाच फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'ह्या पानासाठी तिने सात वर्षं तुरुंग भोगला. आज तिच्या हातचा केक खा!'

लोक भट्टीच्या दारात डोकावू लागले. "तुम्हीच का त्या? एक फोटो काढू का?" शिट्टी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा: परका देश, निर्दय कायदा, बिचारी निरपराध ताई. डबा कुणाचा होता तेवढंच सांगायचं राहायचं. सांगता सांगता त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. एकदा एका पोरीने तिला मिठी मारली आणि म्हटलं, "तुम्हाला असा भाऊ मिळाला, नशीबच!"

त्या दिवशी साखरबाईने हातातला साचा इतका आवळला की पत्र्याची कडा तळव्यात रुतली. शिट्टीने तिची सात वर्षं एकदा घेतली होती. आता तो ती पुन्हा, तुकड्या-तुकड्याने, गल्ल्यावर विकत होता.

शिट्टी स्वतः मात्र कधी ओढायचा नाही की दुकानातला कणही तोंडात टाकायचा नाही. "विकायचं, लावायचं नाही," असं छाती फुगवून सांगायचा. पण साखरबाईच्या साध्या केकची त्याची जुनी चटक गेली नव्हती. म्हणून ती आठवड्यातून एकदा घरच्या भट्टीत, घरच्या लोण्यात केलेला साधा केक त्याच्यासाठी आणायची. पहिल्या वेळी त्याने संशयाने पाहिलं. तिने त्याच्यासमोर आधी स्वतः खाल्ला. पुढे पुढे तो डबा तिच्या हातातूनच ओढून घेऊ लागला. तिला घाई नव्हती. घाई न करण्याचं शिक्षण तिने सरकारी खर्चाने घेतलं होतं.

मग एक दिवस शिट्टी नाचतच भट्टीत आला. "ताई, बाहेरदेशी हॉटेल घेतोय! भागीदार मिळाला. बंदरावरच. ओळख बघू कुठलं बंदर?"

तिने ओळखलं. तिच्या हातातली पिठाची चाळणी थांबली नाही.

गल्ल्यावर बसणारा त्याचा पुतण्या म्हणाला, "काका, तिथे जपून. तिथे चिमूटभर सापडला तरी आत टाकतात."

"सापडायला माझ्याकडे असणार काय?" शिट्टी हसला. "कपडे नवे, बूट नवे, बॅग नवी. कुत्र्यांची फौज सोडली तरी हाती काही लागणार नाही."

खिशाबद्दल तो बोलत होता. रक्ताबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साखरबाईला ते केस कापणारीने सांगितलं होतं.

निघायच्या दिवशी ती घरून केक घेऊन आली. तो करताना तिला वाटलं होतं की देव आठवेल, मागे फिरावंसं वाटेल. तसलं काही झालं नाही. उलट साखर फेसताना तिला इतकं निवांत वाटलं, जितकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दुकानाच्या कपाटातलं गांजाचं लोणी तिने बेतानेच घातलं. त्याचा जीव जायला नको होता तिला. मेलेला माणूस तुरुंगात बसू शकत नाही. चव दडवायला वरून दाट कोको घातला.

"वाटेत खा," तिने डबा पुढे केला.

"वाटेत कशाला?" म्हणत शिट्टीने तिथेच उभ्या उभ्या दोन तुकडे फस्त केले, बोटं चाटली, तिसरा गाडीत बसता बसता तोंडात कोंबला. रिकामा डबा तिच्या हातात देऊन म्हणाला, "ताई, तू माफ केलंस मला. मोठ्या मनाची आहेस."

गाडी वळेपर्यंत ती हात हलवत राहिली. मग आत आली, डबा गरम पाण्याने घासला, आणि बाजारातल्या सार्वजनिक फोनवरून त्या देशाच्या विमानतळावर फोन लावला. त्या भाषेत तिला शिव्या, स्वयंपाक आणि तुरुंगाचे नियम एवढंच येत होतं. तक्रारीला तेवढं पुरलं. अमुक विमान, अमुक माणूस, ह्याचं गांजाचं दुकान आहे, ह्याला तपासा.

दोन दिवसांनी पुतण्या रडत भट्टीत आला. काकांना धरलं. विमानात त्यांना गुंगी आली होती, डोळे लाल. उतरल्या उतरल्या बाजूला घेतलं, लघवी तपासली, तर गांजा निघाला. काका शपथा घेत होते, मी आयुष्यात हात लावला नाही. कुणी ऐकून घेईना.

"हो का?" साखरबाई म्हणाली. "अरेरे." आणि पाव भट्टीतून बाहेर काढले, कारण करपले असते.

त्या दिवशी घरी येऊन तिने बहिणीला सगळं सांगितलं. लपवायचं तिला काही कारण दिसेना. बहीण ऐकता ऐकता खाली बसली.

"मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक काय गं राहिला?"

"आहे फरक. त्याने केलं तेव्हा मी त्याचं काहीही वाईट केलं नव्हतं."

बहीण उठून आत गेली. कितीतरी दिवस दोघींमध्ये मीठ दे, दार लाव एवढंच बोलणं होतं. लेकीला काही कळत नव्हतं. ती एकीकडून दुसरीकडे बघायची.

शिट्टीला सव्वा वर्ष मिळालं. अंगात सापडल्याची शिक्षा जवळ सापडल्याहून कमी, हे साखरबाईला ठाऊक होतं. तरी आकडा ऐकून तिच्या तोंडाला कडवटपणा आला. पण मालकाला परदेशात शिक्षा झाली म्हणून सरकारने परवाना काढून घेतला. दुकानाला टाळं लागलं. काचेवरचं पोस्टर उन्हाने फिकं झालं, आणि एक दिवस ती स्वतः जाऊन नखांनी ते खरवडून आली.

त्यानंतर एकदा दुपारी दार वाजलं. शिट्टीची बायको. हिला तिने दुकानात दोन-चारदा पाहिलं होतं, खाली मान घालून येणारी, शांत. ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"ताई, तुम्ही तिथे राहिलेल्या आहात. दुसऱ्या कुणाला विचारू? तिथे काय पाठवता येतं? त्यांना थंडी सोसत नाही."

साखरबाईने तिच्याकडे पाहिलं. ह्या बाईने तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं. तिच्या चपलेचा अंगठा तुटून दोऱ्याने बांधलेला होता.

"खायचं काही पाठवू नका, पोचत नाही," साखरबाई म्हणाली. "लोकरीचे मोजे पाठवा. करडे किंवा पांढरे. रंगीत काढून घेतात. फरशी फार गार असते."

"तुमच्या भावासारखे ते," बायको रडत म्हणाली.

"मोजे दोन जोड पाठवा," साखरबाई म्हणाली. "एक चोरीला जातो."

ती गेल्यावर साखरबाईने भांड्यांवर भांडी आदळली. त्या बाईची कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. पण शिट्टीची कीव तिला त्याही दिवशी आली नाही. खूप शोधली तिने मनात, मिळाली नाही.

दुकान बंद झाल्यावर तिने गल्लीच्या तोंडाशी लहानशी जागा भाड्याने घेतली आणि नुसता पाव भाजायला लागली. लेक शाळेतून येऊन गल्ल्यावर बसायची. तिला हाक मारताना पोर आता "ए, ऐक ना" म्हणायची. आईही नाही, मावशीही नाही. ती चाणाक्ष होती, वाट काढली होती तिने.

सजा संपवून शिट्टी परत आला तो थेट तिथेच. लेक अजून शाळेतून यायची होती. आधी साखरबाईने ओळखलं नाही. शर्ट खांद्यावरून लोंबत होता, बोटांतल्या अंगठ्या गेलेल्या. शीळबीळ काही नाही. तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला, नजर पावांवर.

"केकमध्ये होतं ना?"

"होतं."

"आणि फोन?"

"तोही मीच केला."

त्याच्या ओठांची हालचाल झाली. तो ओरडेल, काउंटरवरून हात घालेल, असं तिला वाटलं. त्यासाठी ती तयारच होती. लांब दांड्याचं पाव काढायचं फावडं हाताशी होतं. पण तो ओरडला नाही.

"आत मला रोज वाटायचं, तू कबूल करणार नाहीस," तो म्हणाला. "मी केलं नव्हतं ना, म्हणून."

"मी कशाला नाही म्हणू? कुणी केलं हे तुला कळावं म्हणून तर केलं."

"मग? शांत झालीस आता?"

साखरबाईने खरोखरच विचार करून पाहिला. बाहेर लेक येताना दिसत होती, दप्तर एका खांद्यावर, कुणा मैत्रिणीशी हातवारे करत बोलत.

"नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा तसंच करायची वेळ आली तर पुन्हा करेन. आता बाजूला हो, मागे गिऱ्हाईक उभं आहे."

शिट्टी बाजूला झाला. मागची म्हातारी दोन पाव मागत होती, कडक नकोत, मऊ हवेत. साखरबाईने बोटाने दाबून दोन मऊ पाव निवडले आणि कागदात गुंडाळले.